टिळक पतिपत्नी आणि भक्तीच्या पायऱ्या

रब्बीच्या दिवसांत आपल्या नगर जिल्ह्यात एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला बांधावर उभे करा आणि समोरच्या ज्वारीविषयी विचारा. तो नुसत्या नजरेने सांगेल, "ही अजून कोंबात आहे, ती पलीकडची पोटरीला आली, आणि ओढ्याकडची हुरड्यात आहे बघा." पेरणीची तारीख तो विचारणार नाही. मालकाने पिकाची किती बढाई मारली तेही ऐकणार नाही. पान, पोटरी, कणीस, दाणा ह्यांवरून तो पिकाची अवस्था ओळखतो.

माणसाच्या अंतरंगातील पीक कसे ओळखावे? आज ह्याच प्रश्नाविषयी थोडे बोलायचे आहे. प्रश्न जुना आहे, आणि आपल्या मातीला तो परका नाही. ह्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य सांगितले. पुढे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशा चार अवस्था मांडल्या, आणि एकेका अवस्थेची लक्षणे सांगितली. ख्रिस्ती शास्त्रातही हा विचार आहे. नव्या करारात योहानाच्या पत्रात बाळे, तरुण आणि बाप असे तीन वयांचे भक्त आहेत. प्रेषित पौल दुधावर राहणाऱ्या तान्ह्याचा आणि जड अन्न पचविणाऱ्या प्रौढाचा दाखला देतो. मार्काच्या शुभवर्तमानात तर येशूचा दृष्टांत चक्क शेतीचा आहे. पेरणारा बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी आपल्या क्रमाने वाढत जाते, आणि ते कसे वाढले हे त्याचे त्यालाही कळत नाही. युरोपातील जुन्या संतांनी शुद्धी, प्रकाश आणि ऐक्य अशा तीन मजला सांगितल्या. इंग्लंडातील जॉन बन्यनने १६७८ साली हा सारा प्रवास एका यात्रेकरूच्या गोष्टीत घातला, आणि १८४१ साली हरि केशवजींनी ती गोष्ट 'यात्रिकक्रमण' ह्या नावाने मराठीत आणली.

हे सर्व झाले पोथीतले. पण पोथीतल्या पायऱ्या जिवंत माणसाच्या आयुष्यात कशा दिसतात? त्यासाठी फार दूर जायला नको. आज जे शहर अहिल्यानगर ह्या नावाने ओळखले जाते, त्या नगरात एक जोडपे राहून गेले: नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. दोघांची वाट शेवटी एक झाली. पण चाल निराळी, वेग निराळा, आणि पायऱ्यांचा क्रमसुद्धा निराळा. म्हणूनच त्यांची कथा आपल्याला शिकविणारी आहे.

आधी नगरविषयी दोन शब्द. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरात १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ साली नगरातच निघाले. सिंथिया फरार ह्या बाईंनी १८३९ पासून नगरात मुलींच्या शिक्षणाचे काम केले, आणि १८६२ साली तिथेच देह ठेवला. म्हणजे टिळक नगरला आले तेव्हा इथली ख्रिस्ती मंडळी दोन पिढ्यांची जुनी होती. तिच्यात बहुतेक लोक गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आलेले होते. अशा मंडळीत एक चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचा पंडित आणि कवी येऊन बसला.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील कडक, आई कवितेची आवड असलेली. आई लवकर गेली, आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे संस्कृत शिकला. पुढे नागपूरला संस्कृत ग्रंथांच्या कामावर राहिला. स्वभाव कुठेच स्थिर नाही. एक नोकरी धरावी, ती सोडावी. घर मांडावे, ते मोडावे. मध्येच कुणाला न सांगता निघून जावे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला हे सारे आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, ह्या माणसाला संसाराची चाडच नाही. पण आत एक शोध चालू होता. जातिभेद देवाने केला असेल का? शास्त्र एकाच जातीचे असेल का? देशाला एक करील असा धर्म कोणता? रामदासांच्या भाषेत बोलायचे तर हा मुमुक्षू होता. पहिल्या पायरीची खूण हीच: आहे त्यात मन रमत नाही, आणि का रमत नाही ते नीट सांगताही येत नाही. जमिनीत बी फुगते तेव्हा वर काहीच दिसत नाही. फार तर माती थोडी तडकते.

मग ती प्रसिद्ध आगगाडी. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर बोलणे निघाले. उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधी कळले नाही. टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. तिथून पुढे त्यांना ते पुस्तक सोडवेना. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून.

आता बघा, इथे कोणी म्हणेल, "झाले! टिळक पोचले." शाळेत नाव घातले की मुलगा पास झाला असे आपले शिक्षकबंधू म्हणतील का? बाप्तिस्मा म्हणजे कोंब जमिनीवर आला. तो सर्वांना दिसतो, म्हणून त्या दिवसाचा गाजावाजा होतो. खरी परीक्षा पुढच्या उन्हाची. ह्या निर्णयाने टिळकांचे आप्त गेले, समाज गेला. मुख्य म्हणजे बायको आणि चार वर्षांचा मुलगा दत्तू दुरावले. दुसऱ्या पायरीची खूण ही: माणूस केलेल्या निवडीची किंमत देतो. आणि इथे आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ही किंमत टिळकांनी एकट्याने दिली नाही. न विचारता ती लक्ष्मीबाईंनाही द्यावी लागली. भक्तीच्या इतिहासात घरच्या बाईचा हा हिशेब बहुधा मांडला जात नाही.

तो मांडायचा तर लक्ष्मीबाईंचे माहेर आधी पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचे सोवळे असे कडक की, बाजारातून आणलेली वस्तूसुद्धा पाण्यातून काढल्याशिवाय घरात घ्यायची नाही. विटाळाचे भय त्या पोरीच्या हाडात भिनलेले. अशा बाईच्या कानावर एके दिवशी येते की, नवरा ख्रिस्ती झाला! त्या काळी ह्याचा अर्थ असा की, नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही. सुमारे साडेचार-पाच वर्षे ताटातूट झाली. त्यांतला काही काळ त्या पंढरपूरला होत्या. पत्रे येत, भेटी होत, पण मधली भिंत तशीच.

मग त्या मुलाला घेऊन नगरला आल्या. आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. चूल वेगळी, पाणी वेगळे. आपले पाणी आपण आणायचे, कुणाला शिवू द्यायचे नाही. टिळकांनी ह्या बाबतीत जबरदस्ती केली नाही. विचार करा, घरचा मालक कुणाच्याही पंक्तीला बसतो, आणि त्याच घरात पत्नीचा पाण्याचा हंडा निराळा झाकून ठेवलेला आहे! टिळकांच्या आयुष्यातील तिसऱ्या पायरीची खूण मला इथे दिसते. मंडळीपुढे केलेल्या भाषणांपेक्षा ह्या झाकलेल्या हंड्याशेजारी त्यांनी दाखविलेला धीर मोठा. टिळक तापट होते. तो स्वभाव बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेला नाही. लक्ष्मीबाईंनीच तो पुढे हसतहसत लिहून ठेवला आहे. असा तापट माणूस दुसऱ्याच्या मनात बी रुजेपर्यंत वाट पाहू लागला, ही वाढ नव्हे काय?

आणि ते बी रुजले, पण कसे? लक्ष्मीबाईंच्या मनात पहिला उजेड पडला तो जातीविषयी. त्यांनी आपल्याशीच विचार केला की, देवाने माणसात स्त्री आणि पुरुष असे दोन प्रकार केले ते डोळ्यांना दिसतात; पण जातीची खूण तर त्याने कुणाच्याच अंगावर केलेली नाही. मग हा भेद केला कुणी? माणसाने. एवढे पटल्यावर त्यांनी ठरविले की, ह्यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. श्रोतेहो, ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या आधीची आहे, बरं का! टिळकांनी आधी पुस्तक वाचले, मग धर्म स्वीकारला, मग जीवन बदलत गेले. लक्ष्मीबाईंचे आधी पाणी बदलले, मग मन, आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर. क्रम उलटा, पण पीक तेच. म्हणून 'अमुक पायरी अमुक पायरीनंतरच' असा हट्ट धरू नये.

ह्याला आणखी एक साक्ष आपल्या शेजारची आहे. दौंडजवळ केडगाव आहे, तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यानंतर त्यांनी शारदा सदन काढले, विधवांसाठी अपार काम केले. पण १९०७ साली त्यांनी आपल्या जीवनाची साक्ष लिहिली, तिच्यात प्रांजळपणे सांगितले की, त्या वेळी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यानंतर आठएक वर्षांनी सापडला. एवढी विद्वान, जगात नाव असलेली बाई! 'मी तेव्हा पोचले नव्हते' हे सांगायला तिला कमीपणा वाटला नाही. आपण अजून पोचलो नाही हे ज्याला कळते, तो खात्रीने एक पायरी वर चढलेला असतो.

राहुरी-नगरच्या त्या दिवसांत भोवती काय चालले होते? १८९९-१९०० चा दुष्काळ होता. प्लेगच्या साथी येत होत्या. अशा काळात पुष्कळ गरीब कुटुंबे मिशनच्या आसऱ्याला आली, आणि 'पोटासाठी बाटले' असा टोमणाही त्यांना ऐकावा लागला. टोमणा मारणाऱ्याचे पोट बहुधा भरलेले असते. भुकेने माणूस दाराशी आला म्हणून त्याच्या भक्तीचे बी खोटे ठरत नाही. पेरणी कोणत्या हंगामात झाली हे विचारण्यापेक्षा पुढे कणीस धरले की नाही ते पाहावे. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हते, त्या घरांतून शिक्षक, पाळक, परिचारिका निघाल्या. तेही एक कणीसच.

टिळकांच्या घरात ह्या काळात निराधार मुले येऊन राहू लागली. घरात पैसा टिकत नसे. टिळकांच्या हाताला देण्याची सवय, आणि दुसऱ्या दिवशीचे दाणे कुठून आणायचे ही चिंता लक्ष्मीबाईंची. तरीही पानावर एक माणूस जास्तच. टिळक नगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मंडळीत विलायती चालींवर बेतलेली गाणी चालत. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो गीते देऊन ख्रिस्ती उपासनेला मराठी गळा दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत. नवी पायरी चढल्यावर जुनी पायरी तोडून टाकावी असे त्यांना वाटले नाही. ही समजूत चौथ्या पायरीवरची म्हणावी लागेल. नव्या बाटग्याला जुन्याचा राग असतो, असे आपल्याकडे म्हणतात. पिकलेल्या माणसाला तो राग उरत नाही.

ह्याचा दाखला म्हणून एका मुलाची गोष्ट सांगतो. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या एका कोवळ्या मुलाने कविता म्हटल्या, आणि 'बालकवी' हे नाव मिळविले. टिळकांनी ह्या मुलाला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे वागविले. बालकवी त्या घरी जेवले, रुसले, लिहू लागले, आणि १९१८ साली अपघाती मृत्यू येईपर्यंत हिंदूच राहिले. ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहूनही त्यांच्या धर्मावर कुणी हात टाकला नाही. जे प्रेम मोबदला मागत नाही, ते पिकलेले समजावे. झाडाचे फळ वाटसरूला मिळते. झाड त्याचे गाव विचारीत नाही.

शेवटची पायरी टिळकांनी फार उशिरा आणि फार झपाट्याने चढली. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. बावीस वर्षांपूर्वी ज्या बाप्तिस्म्यासाठी त्यांनी घरदार पणाला लावले होते, तोच आता त्यांनी आत येण्याची अट म्हणून ठेवला नाही! काहींना हे पटले नाही. मला वाटते, इथे त्यांची दृष्टी कुंपणावरून उचलली जाऊन शेतावर गेली. पण त्या कामाला दोन वर्षांहून फारसा अधिक वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले.

ते पुरे कुणी केले? लक्ष्मीबाईंनी. ज्यांना शाळा कधी मिळाली नव्हती, ज्यांनी लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरविली, त्या बाईंनी ह्या काव्याचे पुढचे बहुतेक सारे अध्याय रचले. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. त्या पुस्तकात धर्मोपदेश जवळजवळ नाही. आहे ते आपले वेंधळेपण, आपले सोवळे, आपली भांडणे, नवऱ्याचा संताप, पैशाची ओढाताण. आणि सगळ्यावर एक निर्मळ हसू. जिने इतके सोसले तिने कुणावर आरोप ठेवला नाही, आणि स्वतःला संत म्हणून मांडले नाही. साताऱ्याचा दरबार ही टिळकांची मळणी असेल, तर हे हसू लक्ष्मीबाईंची रास आहे. खळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवली तर कोणती मोठी, हे मला सांगता येणार नाही.

तर श्रोतेहो, एवढ्या कथेतून ओळखण्याच्या खुणा कोणत्या निघाल्या? पहिली, खरी बेचैनी. दुसरी, निवडीची किंमत मोजण्याची तयारी. तिसरी, घरातल्या माणसाशी धीराने वागणे. ही सर्वांत अवघड, कारण तिथे टाळ्या वाजत नाहीत. चौथी, परक्याला आपले म्हणताना काही मोबदला न मागणे. आणि पाचवी, आपल्याच उणिवांकडे पाहून हसता येणे. ह्यांतली एकही खूण कपड्यांवर नाही, कपाळावर नाही, मंडळीच्या वहीतल्या तारखेतही नाही. ती हंड्यापाशी, चुलीपाशी, पंक्तीत आणि उधारीच्या हिशेबात दिसते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. धर्म कोणताही असो, मुलांना ती कळेल. पण ह्या खुणांची गुणपत्रिका करू नका. कोण कितव्या पायरीवर आहे ते दुसऱ्याच्या बाबतीत ठरवायला बसलो, की आपण स्वतः एक पायरी खाली घसरतो. लक्ष्मीबाईंना त्या काळात 'अडाणी, हट्टी, सोवळी' म्हणणारे लोक नगरात असतीलच. त्यांना तो झाकलेला हंडा दिसला. हंड्यामागचे मन काय विचार करीत आहे ते दिसले नाही.

शेजाऱ्याचे पीक बांधावरून पाहून मान हलविणे सोपे असते. संध्याकाळी दिवा लावताना जरा आपल्याच शेतात उतरावे, एखादे ताट हळूच वाकवावे आणि पाहावे, दाणा धरतोय का. नसेल धरला, तर पाणी द्यावे आणि वाट पाहावी. टिळकांनी पाहिली तशी.